पिस्तुलाचा परवाना कुणाला? दीडशे वर्षांची गोष्ट

आम्ही भिवंडीतल्या नारपोलीहून बोलतो आहोत. बचत गटांच्या वह्या तपासायच्या, बँकेची कर्जप्रकरणं मार्गी लावायची, हे आमचं रोजचं काम. पण गटात बसल्यावर बायका फक्त पैशांचं बोलत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आमच्याकडे कुणी यंत्रमागाच्या कांड्या भरते, कुणी काल्हेर, पूर्णा, मानकोलीच्या गोदामांत पॅकिंग करते. सुटायला कधीकधी रात्र होते. रिक्षा मिळत नाही, रस्त्यात दिवे नसतात, बाजूला ट्रकांची रांग उभी असते. म्हणून एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. "ताई, बाईला पिस्तुलाचा परवाना मिळतो का हो? पर्समध्ये मावेल एवढं छोटं असतं म्हणे. ते जवळ असलं तर कुणाची हात लावायची हिंमत होईल का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणारीच्या पोटात भीती असते, म्हणून ती विचारते. तिला नुसतं "हो" किंवा "नाही" सांगून भागत नाही. आपल्या देशात हत्यार कुणाच्या हाती होतं, ते कुणी काढून घेतलं, परत कुणाला दिलं आणि त्यात बाई कुठे होती, हे कळलं तर उत्तर आपलं आपल्याला देता येतं. आजचं आमचं बोलणं त्यावरच आहे.

सुरुवात १८५७ पासून करू. मोरोपंत तांब्यांची लेक, झाशीची राणी लक्ष्मीबाई, हातात तलवार घेऊन लढली हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्या लढाईच्या काळात इंग्रजांनी काय केलं, ते शाळेत फारसं सांगत नाहीत. त्यांनी रयतेची हत्यारं जमा करायला सुरुवात केली. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेरड लोकांनी हत्यारं द्यायला नकार दिला, तेव्हा १८५७ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर फौज घातली आणि गाव चिरडून टाकलं. राज्य करणाऱ्याला हे पक्कं कळलेलं होतं की ज्याच्या हाती हत्यार नाही, त्याच्याकडून सारा वसूल करणं सोपं जातं.

पुढे १८७८ साली लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना दोन कायदे आले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लावणारा, आणि दुसरा शस्त्र कायदा. सरकारी परवान्याशिवाय कुणी बंदूक, पिस्तूल, तलवार बाळगायची नाही, असा हा दुसरा कायदा. त्यात मेख अशी की गोऱ्या माणसाला परवान्यातून सूट होती. म्हणजे साहेबाच्या मडमेला रिव्हॉल्व्हर ठेवायला विचारावं लागत नव्हतं, पण रानडुकरांनी पीक खाल्लं म्हणून बंदूक हवी असली तर शेतकऱ्याला साहेबाच्या दारात उभं राहावं लागायचं. वर्तमानपत्रांचा कायदा चार वर्षांत, १८८२ साली, रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र राहिला. लिहिण्याची भीती सरकारला कमी वाटली, हत्याराची वाटत राहिली. गोऱ्यांची ती सूट पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलून काढली, पण मूळ कायदा तसाच चालू राहिला. १९१८ साली गांधीजींसारख्या अहिंसा मानणाऱ्या माणसानेही लिहिलं होतं की इंग्रजी राज्याच्या वाईट कामांत सगळ्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा इतिहासात सगळ्यांत काळा ठरेल.

आता छोट्या पिस्तुलाकडे येऊ. पर्समध्ये मावणारं पिस्तूल नवं नाही, शंभराहून जास्त वर्षांचं आहे. बेल्जियममध्ये बनणारं ब्राउनिंग पिस्तूल कोटाच्या खिशात बसायचं. १९०९ साली लंडनहून अशी वीस पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यात लपवून मुंबईत आली. ती सावरकरांनी पाठवली होती. त्यांतल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते.

पण त्या रात्री थिएटरात कोणतं नाटक होतं, हे फार थोड्यांना आठवतं. नाटक होतं देवलांचं 'संगीत शारदा'. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळ्या पोरीला बांधायला निघालेल्या बापाची गोष्ट. आम्हाला यात एक फार मोठी गोष्ट दिसते. थिएटरात पिस्तूल आलं ते परक्या सरकारच्या जुलमाचं उत्तर म्हणून. पण रंगमंचावर ज्या पोरीवर जुलूम चालला होता, तिच्यासाठी कुठलंच पिस्तूल कामाचं नव्हतं. तिच्यावर अन्याय करणारा तिचा सख्खा बाप होता, आणि भोवतीचे शहाणेसुरते लोक गप्प बसले होते. बाईवरचा धोका बऱ्याचदा घरातून येतो, हे आपल्या नाटककाराने १८९९ सालीच मांडून ठेवलं होतं.

आता तुम्ही विचाराल, बायकांनी कधी पिस्तूल चालवलंच नाही का? चालवलं आहे. आणि पहिली गोष्ट आपल्या मुंबईतलीच आहे.

ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या खटल्यात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्यानंतर लगेच मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या पोलीस ठाण्यासमोर मोटारीतून गोळ्या झाडल्या गेल्या. टेलर नावाचा गोरा सार्जंट आणि त्याची बायको जखमी झाली. गोळ्या झाडणाऱ्यांत दुर्गादेवी व्होरा होत्या, ज्यांना सगळे दुर्गाभाभी म्हणत. बॉम्बची चाचणी घेताना त्यांचे पती त्याच वर्षी मेमध्ये गेले होते, आणि पदरात लहान मुलगा होता. पुढे हीच बाई लखनौला गेली आणि १९४० साली तिने लहान मुलांची माँटेसरी शाळा काढली. उरलेल्या आयुष्याची बरीच वर्षं तिने त्या शाळेला दिली.

दुसरी गोष्ट कोलकात्याची. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास नावाची तरुण मुलगी पदवी घ्यायच्या झग्यात रिव्हॉल्व्हर लपवून गेली. तिने बंगालच्या गव्हर्नरवर पाच गोळ्या झाडल्या. या गव्हर्नरचं आडनावही जॅक्सनच होतं, पण नाशिकचा तो हा नव्हे. गव्हर्नर समोरच होता, अंतर थोडं होतं, मुलीच्या मनात भीती नव्हती. तरी त्याला एकही गोळी लागली नाही. लोकांनी तिला धरलं आणि तिला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. तिच्या धैर्याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. पण गर्दीत, धावपळीत, छातीत धडधडत असताना छोट्या हत्याराने नेम धरणं किती अवघड असतं, हे त्या पाच गोळ्या सांगतात. "जवळ असलं की झालं" असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

तिसरी गोष्ट आपल्या सांगली जिल्ह्यातली, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाताई पाटील यांची. १९४३ साल. साताऱ्याच्या प्रतिसरकारला हत्यारं हवी होती आणि ती होती पोलिसांकडे. मग भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर हौसाताईंनी आणि एका कार्यकर्त्याने नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं. नवरा बायकोला मारतोय, दगड उचलून "जीवच घेतो" म्हणतोय, बाई ओरडते आहे. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले, समजूत घालत बसले. तेवढ्यात साथीदारांनी आत शिरून चार बंदुका आणि काडतुसं पळवली. म्हातारपणी हौसाताई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा म्हणायच्या की सोंगातला तो मार खरोखरच लागला होता.

ही गोष्ट ऐकून आपण हसतो. हसून झाल्यावर जरा विचार करा. पोलिसांना त्या सोंगाचा संशय का आला नाही? भर रस्त्यात नवरा बायकोला मारतो आहे, हे दृश्य इतकं नेहमीचं होतं की ते खोटं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. हौसाताईंनी त्याच नेहमीच्या दृश्याचा उपयोग करून सरकारच्या बंदुका मिळवल्या. पण त्या बंदुका गेल्या इंग्रजांशी लढायला. घराघरांतला तो मार थांबवायला त्या आल्या नाहीत, आणि येऊ शकतही नव्हत्या.

आता देश स्वतंत्र होतानाची गोष्ट. इंग्रजांनी हत्यारं काढून घेतली याचा राग लोकांच्या मनात होताच. म्हणून १९३१ साली कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा ठराव झाला, तेव्हा नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही त्यात घातला होता. पुढे घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात हा विषय पुन्हा निघाला. ह. वि. कामत यांनी सुचवलं की शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत लिहावा. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. असा सरसकट हक्क दिला तर सराईत गुन्हेगारालाही तो द्यावा लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. शस्त्र धरणं हा हक्क मानण्यापेक्षा देशावर वेळ आली तर ते नागरिकाचं कर्तव्य मानावं, असंही ते म्हणाले. कामतांची सूचना फेटाळली गेली.

मग घटनेत काय आलं? कलम १९ काढून बघा. नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. त्याच्या पुढच्याच ओळीत संघ आणि संस्था स्थापन करण्याचा हक्क आहे. मैत्रिणींनो, आपण दर महिन्याला सतरंजी अंथरून गोल बसतो, हजेरी घेतो, ठराव लिहितो. आपल्याला वाटतं की ही बँकेने सांगितलेली पद्धत आहे. पण ज्या घटना समितीने बंदुकीचा हक्क नाकारला, तिनेच बिनहत्यारी माणसांनी एकत्र बसण्याचा हक्क दिला. हा हक्क वापरायला परवाना काढावा लागत नाही.

पिस्तुलाचा परवाना मात्र आजही काढावा लागतो. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. यात गोरा-काळा भेद नाही आणि बाई-पुरुष भेदही नाही. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही अर्ज करता येतो. नारपोलीसारख्या, पोलीस आयुक्तालयात येणाऱ्या भागात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, म्हणजे आमच्यासाठी ठाण्याला, जातो. जिथे आयुक्तालय नाही तिथे तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. जिवाला धोका कशामुळे आहे ते सांगावं लागतं. पोलीस घरी येऊन चौकशी करतात, जुने गुन्हे आहेत का ते पाहतात. हत्यार सुरक्षित ठेवायची सोय दाखवावी लागते, चालवण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. हे सगळं झाल्यावरही परवाना द्यायचा की नाही, ते अधिकारी ठरवतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात. परवाना असला तरी जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, लोकांच्या जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात ते घेऊन जाता येत नाही. निवडणूक आली की हत्यारं जमा करण्याचे आदेश निघतात.

आता खर्चाचं बोलू, कारण हिशेब हे आपलं काम आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत त्या मुलीवर अत्याचार झाला आणि सगळा देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन अर्धा किलो, सहा गोळ्या, पर्समध्ये बसेल असं. दागिन्यांच्या डबीसारख्या मरून पेटीत घालून ते द्यायचे. किंमत होती १ लाख २२ हजार ३६० रुपये. आपल्या गटात दहा बायका आहेत आणि प्रत्येकी महिना शंभर रुपये बचत आहे असं धरा. वर्षाचे होतात बारा हजार. म्हणजे दहा बायकांनी दहा वर्षांहून थोडं जास्त साठवलं, तर एका बाईच्या पर्समधलं एक रिव्हॉल्व्हर येतं. गोळ्या वेगळ्या. ज्या मजूर बाईला रात्री चालत घरी यावं लागतं, तिच्यासाठी ही वस्तू कधी बनलीच नव्हती.

पैसे असते तरी ते किती उपयोगी पडलं असतं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल दरवर्षी निघतो. बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत शंभरांतल्या नव्वदांहून जास्त ठिकाणी आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. घरातला, शेजारचा, कामावरचा, लग्नाचं वचन देणारा. बायकांवरच्या गुन्ह्यांत सगळ्यांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा असतो, जवळजवळ एक तृतीयांश. अंधारातून अनोळखी माणूस येईल म्हणून आपण पर्समध्ये हत्यार ठेवायचं, आणि धोका तर जेवणाच्या ताटाशेजारी बसलेला असतो. त्यातून ते हत्यार घरात आलं की ते नवऱ्याच्याही हाताशी येतं, दारू प्यायलेल्या दिराच्याही, आणि खेळणाऱ्या पोराच्याही. ज्या घरात आधीच मारहाण आहे, तिथे कपाटातली बंदूक बाईला वाचवेल की तिच्यावरच रोखली जाईल, याचा विचार आपणच करायचा.

आणि हत्यार ज्याच्याकडे असतं तोच अन्याय करणारा असेल तर? १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. हे मथुरा प्रकरण म्हणून ओळखलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, असं धरून. वर्दी आणि बंदूक समोर असताना त्या पोरीने काय करायला हवं होतं? १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून हाच प्रश्न विचारला. मुंबईत आणि देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. त्यातून १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अत्याचारात बाई "माझी संमती नव्हती" म्हणाली, तर न्यायालय तेच गृहीत धरू लागलं. २०१३ साली आणखी स्पष्ट लिहिलं गेलं की अंगाने प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली, असं मानायचं नाही. हा बदल एका पत्राने आणि हजारो बिनहत्यारी बायकांनी एकत्र येऊन करून घेतला.

हे दूरचं वाटत असेल तर आमच्या भिवंडीचं सांगतो. मे १९७० मध्ये इथे दंगल पेटली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा पेटली. माणसं गेली, माग जळाले, ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेजारी सूत भरलं होतं ती घरं एकमेकांना घाबरू लागली. दोन दंगलींनंतर प्रत्येक मोहल्ल्यात "आपल्याकडेही काहीतरी असायला हवं" ही भावना घर करते. समोरच्याकडे आहे म्हणून माझ्याकडे हवं, आणि माझ्याकडे आहे म्हणून समोरच्याला जास्त हवं. याला शेवट नसतो.

१९८८ साली सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस यांनी नियमित एकत्र बसायचं. नळाचं भांडण, गल्लीतली कुरबूर, मिरवणुकीचा रस्ता, सगळं समोरासमोर बोलायचं. चार वर्षं हे चाललं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती. भिवंडीत तेव्हा दंगल झाली नाही. ज्या गावाचं नाव निघालं की लोक आधी दंगल आठवायचे, ते गाव शांत राहिलं. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला समोरच्या गल्लीत ओळखीचं माणूस होतं, म्हणून ते शांत राहिलं. कलम १९ मधलं विनाशस्त्र एकत्र जमणं आमच्या गावाने असं अनुभवलं आहे.

मग काय, कुणी अंगावर आलं तर हात जोडून उभं राहायचं? मुळीच नाही. स्वतःला वाचवण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिलेला आहे आणि त्यासाठी पिस्तूल लागत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. हल्ला झाला तर स्वतःचं शरीर वाचवण्यासाठी बळ वापरता येतं, आणि दुसऱ्याचं शरीर वाचवण्यासाठीही. म्हणजे मैत्रिणीवर हात टाकणाऱ्याला आपण ढकललं, मारलं, तर तोही आपला हक्क आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिड फेकण्याचा हल्ला असेल, तर त्या झटापटीत हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा स्वसंरक्षण मान्य करतो. हातातली पाण्याची बाटली, कांडीची पेटी, छत्री, दगड, दात, काहीही चालतं. अट एवढीच की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि धोका संपल्यावर सूड म्हणून मारायचं नाही. पळून गेलेल्याला गाठून मारलं तर ते स्वसंरक्षण राहत नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर ती आधी घ्यायची.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगायची आहे. "परवान्याची भानगड कशाला, गावठी कट्टा मिळतो थोडक्या पैशांत," असं सांगणारे लोक सगळीकडे असतात. तो घेऊ नका, आणि घरातल्या कुणालाही घेऊ देऊ नका. विनापरवाना हत्यार नुसतं जवळ सापडलं तरी किमान दोन ते पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होतो. वापरलं नसलं तरी होतो. शिवाय असला कट्टा हातातच फुटतो. भावाने, नवऱ्याने किंवा ओळखीच्या कुणी "जरा तुझ्या पेटीत ठेव" म्हटलं, तर तेही ठेवायचं नाही. सापडलं तर तुम्ही अडकाल, तो नाही.

आणि जिला खरोखर परवान्याची गरज आहे, सोन्याचं दुकान आहे, रोकड घेऊन जावं लागतं किंवा खुनाच्या धमक्या आहेत, तिने रीतसर अर्ज करावा. बाई म्हणून तिला कमी लेखायचं कारण नाही. पण प्रशिक्षण घेतल्याशिवाय आणि कुलपाची तिजोरी असल्याशिवाय तिने ती वस्तू घरात आणू नये.

बाकी आपण सगळ्यांसाठी जे हक्क आधीच मिळालेले आहेत, ते मागून घेऊ या. दुकाने व आस्थापना यांचा २०१७ चा राज्याचा कायदा ठरावीक संख्येएवढे किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू आहे. त्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर तिच्या सुरक्षेची व्यवस्था मालकाने करायची असते. घरी सोडायची गाडी मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. कामाच्या जागी कुणी त्रास देत असेल आणि तिथे दहापेक्षा कमी कामगार असतील, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. गुन्ह्याची नोंद कुठल्याही पोलीस ठाण्यात करता येते. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर मोबाइलमध्ये आजच भरून ठेवा.

या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने दोन कामं करावीत, अशी आमची विनंती आहे. पहिलं, रात्री उशिरा येणाऱ्या बायकांची यादी करा. कोण कुठून, किती वाजता, कोणत्या रस्त्याने येते ते लिहा, आणि एकाच दिशेच्या बायकांच्या जोड्या लावा. दुसरं, त्या रस्त्यावर जिथे दिवा नाही त्या जागा वहीत नोंदवा, गटाचा ठराव करा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घेऊन तो महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत द्या. ठरावाची पोच घ्यायला विसरू नका. पोच मिळाली की तिची एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या बोलण्यात आपण कुठल्या गावात दिवा लागला ते वाचून दाखवू.